प्रश्न नीट घाला

मावशींना स. न. वि. वि.

मी 49 वर्षांची. डोंबिवलीत राहते, एका खाजगी कंपनीत अकाउंट्स बघते. सासर कुडाळ तालुक्यातलं. गावी मातीच्या भिंतींचं कौलारू घर आहे, तिथे 78 वर्षांच्या सासूबाई एकट्या असतात. घर मिस्टर आणि धाकटे दीर अशा दोघांच्या नावावर आहे. दीर-जाऊ गावातच राहतात, पण बाजाराजवळ वेगळ्या घरात. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी परसातलं कापा फणसाचं झाड आम्हाला न विचारता तोडून लाकूड विकलं. त्यावरून मी जावेला फोनवर नको नको ते बोलले. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. सासूबाईंकडून कळतं तेवढंच. जाऊ आता काजूच्या कारखान्यात जाते, पहाटे चारला उठते आणि रात्री साडेआठलाच आडवी होते.

यंदा मिस्टरांच्या मनात आलं की जुनं घर पाडून स्लॅबचं बांधायचं. त्यांनी ग्रामदेवतेला कौल लावला. देवानं डावी दिली. दोन महिन्यांनी तोच प्रश्न परत घातला, परत डावी. मग कोणीतरी सांगितलं म्हणून ते शेजारच्या तालुक्यात एकाकडे गेले, त्याच्या अंगात वारं येतं. तो म्हणाला, घराला बाधा आहे, बांधायला हरकत नाही पण आधी 21 हजारांचा विधी करा, नाहीतर वर्षाच्या आत घरातून एक जाईल. आता मिस्टर म्हणतात, एका देवानं नाही म्हटलं, दुसऱ्यानं हो म्हटलं, मग हो म्हणणाऱ्याचं ऐकू.

माझं वेगळंच चाललंय. तीन महिने झाले, सकाळी देवापुढे दिवा लावला की मनात एक वाक्य येतं. ‘तिला फोन कर.’ आवाज वगैरे ऐकू येत नाही, नुसतं उमटतं. मी काही मोठी भक्त नाही, उपासतापास करत नाही. हे देव सांगतोय की माझंच मन? देव असेल आणि मी ऐकलं नाही तर? आणि मिस्टरांना काय सांगू?

ता. क. त्या माणसानं सासूबाईंना 40 दिवस फक्त अंगारा घ्यायला सांगितलाय. बीपीच्या गोळ्या दहा दिवसांपासून बंद आहेत.

— तुमची एक वाचक

ताई,

तुमची ता. क. मी सगळ्यात वर घेते. पत्र हाती पडलं त्याच दिवशी एवढ्यापुरता निरोप तुम्हाला पाठवला होता. तोच इथे पुन्हा छापते, कारण हे वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या तरी घरी आत्ता हेच चाललेलं असणार. रक्तदाबाची गोळी मध्येच बंद केली की दाब पुन्हा चढतो. काही गोळ्यांच्या बाबतीत तर तो आधीपेक्षाही जास्त उसळतो, आणि म्हाताऱ्या माणसाला पक्षाघात व्हायला तेवढं पुरतं. गोळी परत सुरू करायची तीही मनानं नाही. आधी डॉक्टरांना दाखवायचं, दहा दिवस बंद होती हे न लाजता सांगायचं. अंगारा कपाळाला लावायला माझी काडीची हरकत नाही. सासूबाईंना त्यानं धीर येत असेल तर लावू द्या. पण गोळी पोटात आणि अंगारा कपाळाला. दोघांच्या जागा वेगळ्या आहेत.

आणि ‘वर्षाच्या आत एक जाईल’ म्हणणाऱ्याबद्दल. आपल्या राज्यात 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. अंगात अतींद्रिय शक्ती आल्याचं भासवून लोकांना भीती घालणं, आपलं ऐकलं नाही तर वाईट होईल अशी धमकी देणं, हे त्यात गुन्हा म्हणून लिहिलंय. तुम्ही पोलिसात जा असं मी लगेच म्हणत नाही. ते तुमचं तुम्ही ठरवा. पण मिस्टरांना हे कानावर घाला, आणि 21 हजार अजून दिले नसतील तर देऊ नका.

आता देवाकडे वळू.

मी त्याच बाजूची, सिंधुदुर्गातली. कौल म्हणजे काय ते मला सांगावं लागत नाही, पण घाटावरच्या वाचकांसाठी दोन ओळी लिहिते. आमच्याकडे गावाच्या देवाला, म्हणजे रवळनाथ, सातेरी, रामेश्वर, पावणाई, जो असेल त्याला, अडल्या वेळी विचारायची रीत आहे. गुरव पाषाणावर ओल्या कळ्या नाहीतर तांदूळ चिकटवतो, देवाला गाऱ्हाणं घालतो आणि प्रश्न सांगतो. उजव्या बाजूची कळी पडली तर हो, डावी पडली तर नाही. गोव्यात कौलप्रसाद म्हणतात तो हाच. लग्न, जमीन, विहीर कुठे खणायची, हरवलेली म्हैस, काहीही विचारतात. हे खेड्यातल्या भोळ्याभाबड्यांचं काम, असं समजू नका. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेला मुंबईहून गाड्या भरभरून लोक जातात, त्या जत्रेला तिथी नाही. देवीचा कौल होतो तेव्हा तारीख ठरते, आणि मग मंत्र्यांपासून सगळे आपापल्या डायऱ्या तिच्याप्रमाणे हलवतात.

माझा स्वतःचा एक कौल सांगते. मी मॅट्रिक झाले तेव्हाचा. पुढे शिकायला मला मुंबईला मामाकडे पाठवायचं की नाही, यावरून घरात महिनाभर धुसफूस चालली होती. शेवटी आजोबा म्हणाले, देवाक इचारू. सकाळी देवळात गेलो. गाभाऱ्यात एक समई, बाहेरून आत गेलं की पहिली दोन मिनिटं काहीच दिसायचं नाही, मग हळूहळू काळा पाषाण दिसायला लागायचा, पाण्यानं चकचकीत. गुरवकाकांनी पिटकुळीच्या कळ्या एकेक करून देवाच्या छातीवर, खांद्यावर दाबून बसवल्या. लाल टिकल्यांसारख्या. गाऱ्हाणं सुरू झालं, ‘बा देवा म्हाराजा...’, मागे बसलेल्यांचं ‘व्हय म्हाराजा!’ आणि आजोबांनी प्रश्न घातला, की माझ्या नातीचं भलं कशात आहे ते सांग.

कळी हलेना. पाण्याचा एक थेंब पाषाणावरून सरकत कळीपर्यंत आला, तिला वळसा घालून खाली गेला. आम्ही सगळे माना पुढे काढून बघतोय. पंधरा मिनिटं झाली असतील, अर्धा तासही झाला असेल. शेवटी गुरवकाका आजोबांकडे वळून म्हणाले, “बापूनूं, प्रश्न नीट घाला. देव उजवी देतलो नायतर डावी देतलो. पन इचारूचा ता तुमीच.”

आजोबा बराच वेळ गप्प उभे राहिले. मग माझ्याकडे वळले आणि विचारलं, “गो, तुका जावचा हा?”

ताई, महिनाभर घरात वाद चालला होता, पण हा प्रश्न मला तोवर कोणी विचारला नव्हता. मी मान हलवली. आजोबा देवाला म्हणाले, चेडवाक जावचा हा, धाडू? आणि काही वेळानं उजवी कळी पडली.

ती देवानं टाकली की ओली होऊन वजनानं पडली, हे मी आज 66 व्या वर्षीही सांगू शकत नाही. तुम्हाला खरं सांगू का, मला त्यात आता फारसा रसही उरलेला नाही. मला आठवतं ते आजोबांचं वळणं. कौल लावायला गेले नसते तर ते माझ्याकडे वळले नसते.

तुमच्या मिस्टरांचा कौल मी याच नजरेनं बघते. त्यांनी देवाला विचारलं, घर पाडू का? पण घर दोघांच्या नावावर आहे. ग्रामपंचायतीत नमुना आठचा उतारा काढा, त्यावर दोघांची नावं दिसतील. बांधकामाची परवानगी मागायला गेलात की भावाचं संमतीपत्र मागतीलच. म्हणजे भावाला विचारायचं होतं ते मिस्टरांनी देवाला विचारलं. देव सोपा पडतो. तो फणसाच्या झाडाचा विषय काढत नाही.

डावी मिळाली म्हणजे बोलणं संपलं असं आमच्याकडे कोणी मानत नाही. डावी मिळाली की पुढचा प्रश्न असतो. काय राहिलंय? कोणाचा मान चुकला? कोणाला विचारायचं राहिलं? जाणता मानकरी दोन-तीन प्रश्नांत गाठीपर्यंत येतो. तुमच्या मिस्टरांनी मात्र दोन महिने थांबून तोच प्रश्न तसाच पुन्हा घातला, आणि तरीही नाही आलं तेव्हा देव बदलला. दुकानदार बदलावा तसा. हे ऐकणं नव्हे, ताई. याला आपल्याकडे साधा शब्द आहे, घासाघीस.

‘एका देवानं नाही, दुसऱ्यानं हो’ या हिशोबात आणखी एक चूक आहे, आणि तुम्ही अकाउंट्सवाल्या असून ती तुमच्या नजरेतून सुटली याचं मला नवल वाटलं. पैसे कुठे जातात ते बघा की. ग्रामदेवतेनं ‘नाही’ म्हटलं तेव्हा कोणाच्या खिशात काही गेलं नाही. दुसऱ्या ठिकाणच्या ‘हो’ला 21 हजारांचं बिल जोडलेलं आहे, आणि गोळ्यांची किंमत सासूबाईंनी मोजायची आहे. देवाची म्हणून कुठलीही आज्ञा घरात आली की मी पहिल्यांदा एवढंच बघते, ओझं कोणाच्या डोक्यावर पडतंय? सांगणाऱ्याच्या, ऐकणाऱ्याच्या, की त्या वेळी खोलीत नसलेल्या तिसऱ्याच माणसाच्या?

मालवण तालुक्यातल्या आचऱ्याचं बघा. तिथे काही वर्षांनी एकदा रामेश्वराचा कौल झाला की गावपळण होते. अख्खा गाव तीन रात्री घरं सोडून वेशीबाहेर जातो. कोंबड्या, बकऱ्या, गुरं, कुत्री, सगळं घेऊन. माळावर झोपड्या टाकतात, चुली मांडतात, रात्री भजनं रंगतात. परत यायचं तेही कौल घेऊनच. बाहेरच्याला हा वेडेपणा वाटेल, वाटू दे. पण त्यात एक गोष्ट मला फार आवडते. मानकऱ्यापासून गड्यापर्यंत सगळे जातात. बंगलेवाला बंगला बंद करून जातो, झोपडीवाला झोपडी. देवाची आज्ञा पाळायची तर ती सगळ्यांनी सारखी पाळायची. अमक्यानं विधीचा खर्च करायचा आणि तमक्यानं दक्षिणा खिशात घालायची, असा प्रकार नाही.

आता तुमचं वाक्य. ‘तिला फोन कर.’

हे देवाचं की मनाचं, असं तुम्ही विचारता. मला माहीत नाही. कोणाला माहीत असतं? तुम्ही मोठ्या भक्त नाही, उपास करत नाही, हा मुद्दा मात्र सोडून द्या. आजोबांना गाऱ्हाणंसुद्धा धड पाठ नव्हतं.

पण आधी एक रुक्ष गोष्ट सांगून मोकळी होते. तुम्ही लिहिलंत की आवाज ऐकू येत नाही, नुसतं उमटतं, आणि ते वाक्यही साधं आहे. त्यात घाबरण्यासारखं काही दिसत नाही. ज्यांना कानानं, बाहेरून बोलल्यासारखे आवाज येतात, झोप उडते, ते आवाज स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगतात, अन्न-औषध सोडायला सांगतात, त्यांनी किंवा त्यांच्या घरच्यांनी देवळात जाण्याआधी मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं. टेलीमानसचा 14416 हा सरकारी नंबर त्यासाठीच आहे, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत.

तुमच्याकडे परत येते. मनात उमटलेलं सगळंच वरून आलेलं नसतं, हे मी स्वतः ठेच खाऊन शिकले. काही वर्षांपूर्वी आरतीच्या वेळी मला अगदी स्पष्ट जाणवलं की सोसायटीच्या नवरात्राची व्यवस्था आता मीच हातात घ्यावी अशी देवीची इच्छा आहे. घेतली. मंडप कुठे, प्रसाद कोणाकडून, भोंडला कोणत्या दिवशी, सगळं माझ्या मनासारखं झालं. दसऱ्यापर्यंत तीन बायका माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या होत्या. देवीचा आवाज हुबेहूब माझ्यासारखाच होता, आणि तिची कामांची यादीसुद्धा मी आधीच करून ठेवलेली! त्यानंतर मी एक सवय लावून घेतली. मनात आलेली ‘आज्ञा’ मला जे आधीपासूनच हवं होतं तेच देत असेल, तर तिला आठ दिवस बाहेर ओट्यावर बसवून ठेवायचं.

तुमची आज्ञा ओट्यावर बसवायच्या जातीची नाही. ती तुम्हाला नको आहे. पत्रात लिहिलंत तुम्ही, की झाड त्यांनी न विचारता तोडलं. या फोनमधून तुम्हाला मिळणार काही नाही, उलट थोडं वाकावं लागेल. ओझं तुमच्याच डोक्यावर आहे. शिवाय काम छोटं आहे, आज रात्री होण्यासारखं. चुकलं तरी कोणाचं काही बिघडत नाही. फार तर जाऊबाई फोन ठेवतील.

तुकोबांना स्वप्नात झालेली आज्ञा आठवते? नामदेव पांडुरंगाला घेऊन आले आणि झोपेतून उठवून म्हणाले, कविता कर, वायफळ बोलू नकोस. विठ्ठलानं पाठीवर थाप मारून सावध केलं, असं तुकोबा स्वतः सांगतात. नामदेवांनी शतकोटी अभंगांचा संकल्प सोडला होता, त्यातले जे उरले ते तुक्यानं पुरे करायचे. म्हणजे प्रत्यक्ष पांडुरंग स्वप्नात येतो आणि देतो काय, तर दुसऱ्याचं उरलेलं काम! लहानपणी कीर्तनात हे ऐकताना मला तुकोबांची दया यायची. आता वाटतं, देव आहे याची मला त्याहून मोठी खूण नको.

गांधीजींचंही असंच. 1933 च्या मे महिन्यात पुण्याला येरवड्याच्या तुरुंगात त्यांनी 21 दिवसांचा उपास सुरू केला, आणि मध्यरात्री आतून आवाज आला म्हणून करतोय असं सांगितलं. भोवतालच्यांना तो भ्रम वाटला, मुलानं, देवदासनं, विनवण्या केल्या. सरकारनं त्याच दिवशी सोडून दिलं आणि बाकीचा उपास त्यांनी पर्णकुटी बंगल्यात पुरा केला. लोकांना काय म्हणायचं ते म्हणू दे, त्या आवाजानं उपाशी राहायला सांगितलं ते ऐकणाऱ्यालाच. अर्थात हे लिहिताना आदल्या सप्टेंबरमधलं त्याच तुरुंगातलं, दलितांच्या स्वतंत्र मतदारसंघांविरुद्धचं उपोषण मला विसरता येत नाही. तेही ईश्वराच्या नावानं होतं, आणि त्याचं ओझं बाबासाहेबांच्या डोक्यावर येऊन बसलं. पुणे कराराची सही त्या ओझ्याखाली झाली. म्हणजे इतका तावूनसुलाखून निघालेला माणूस असला तरी ‘आतला आवाज’ म्हटल्यावर आपण हात जोडून गप्प बसायचं नसतं. भार कोणावर, हा प्रश्न तिथेही विचारायचाच.

तुमच्या बाबतीत मी तो विचारून पाहिला, उत्तर वर दिलंय. देवानं सांगितलं असेल तर फोन करायला हवा. मनानं सांगितलं असेल तरी फोन करायला हवाच. मग कोणी सांगितलं याचा तपास कशाला? तीन महिने तुम्ही तपास करताय आणि फोन तसाच राहिलाय. मला शंका आहे की तपास हेच फोन न करण्याचं निमित्त झालंय. रागावू नका, मीही असे तपास खूप केलेत.

तुमच्या मनात आलं असेल, देवानं दिलेली डावी आणि माझ्या मनातलं वाक्य, दोन्ही एकाच घराकडे बोट दाखवतात, हा संकेत तर नाही? काही वाचकांनाही एव्हाना अंगावर शहारा आला असेल. मी त्यात पडणार नाही. तुमच्या संसारात एकच मोठी गाठ आहे, कुठूनही दोरा ओढला तरी ती तिथेच येऊन अडणार. देव असो नसो, गाठ खरी आहे.

‘मी ऐकलं नाही तर?’ असंही विचारलंय. काही होणार नाही. छत कोसळणार नाही, कोणी आजारी पडणार नाही. न ऐकणाऱ्याला शिक्षा करतो असं सांगणारे कोण असतात ते तुम्ही नुकतंच 21 हजारांच्या निमित्तानं बघितलंत. फक्त उद्या सकाळी दिवा लावताना ते वाक्य परत येईल, किंवा येणार नाही. येणार नाही हे मला जास्त वाईट वाटतं.

मिस्टरांना काय सांगायचं? उपदेश नको. नवऱ्याला देवाधर्मावरून उपदेश केला की तो आणखी दोन ठिकाणी जाऊन येतो, हा माझा अनुभव. त्यांना म्हणा, परत कौल लावायचाच असेल तर आपल्या देवाला लावू, पण जाताना भाऊजींना सोबत घेऊन जाऊ. दोघा भावांनी मिळून प्रश्न घालायचा. काय विचारायचं ते ठरवायला दोघांना आधी कुठेतरी बसावं लागेल, चहा घ्यावा लागेल, स्लॅब की कौलं, खर्च कोणाचा किती, आई कुठे राहणार, हे बोलावं लागेल. आणि हो, आईला विचारलंय का कोणी? 78 वर्षांची बाई त्या घरात एकटी राहते, मातीच्या भिंती तीच सारवत असेल, आणि तुमच्या चार पानी पत्रात तिला घराबद्दल काय वाटतं याची एक ओळ नाही. माझ्या आजोबांसारखं जरा वळून बघा.

एवढं बोलणं झालं की कौल लावावासा वाटला तर लावा. नाही वाटला तर देव काही रुसत नाही.

फोनवर काय बोलायचं याची तयारी फार करू नका. फणसापासून सुरुवात नको, माफीचं भाषणही नको, समोरचा माणूस भाषणाला घाबरतो. सासूबाईंच्या गोळ्यांवरून सुरू करा. खरंच गरज आहे, आणि त्या गावात आहेत, तुम्ही डोंबिवलीत. ‘आईंना दवाखान्यात न्यायला हवं, तुला जमेल का, की मी रजा टाकून येऊ?’ एवढं वाक्य पुरे. त्या पहिल्यांदा गप्प बसतील. बसू द्या. मध्ये बोलून ती जागा भरू नका. कदाचित टोमणा येईल, नऊ वर्षांनी आठवण झाली का म्हणतील. हो म्हणा, झाली. जे नको ते बोललात त्याबद्दल बोलायचं असेल तर ते सगळ्यात शेवटी, एका वाक्यात, आणि झाडाचा उल्लेख न करता. झाड त्यांनी तोडलं हे त्यांनाही माहीत आहे.

उत्तर कसं येतं ते माझ्या हातात नाही, तुमच्याही नाही. पण आठच्या आत लावा फोन. त्या साडेआठला झोपतात, तुम्हीच लिहिलंय.